शेवटच्या सिगारचा कागद

झिंगाबाई टाकळी, नागपूर
२ मार्च २०२५

मार्तंडभाऊजींना वच्छलाचा नमस्कार.

तुम्ही आणि यमुताई पुण्याला बरे असाल. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं नूपुरनं सांगितलं. इथे ऊन आत्तापासूनच चटके देतंय. परवा कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून घेतल्या. नूपुरची शाळा चालू आहे, रोज कन्हानला शिकवायला जाऊन येते.

तेरवीनंतर तुम्ही फोनवर विचारलं होतं, दसऱ्याला पाठवलेली सिगार रुपरावनं ओढली का. मी म्हटलं, ह्यांनी ओढली, आवडली. मग तुम्ही म्हणालात, "वहिनी, त्याचा कागद तेवढा पाठवा." त्याला तीन महिने लागले. सोबत जोडला आहे.

तुमच्या जुन्या कागदांची फाईल मी पहिल्यांदाच उघडून पाहिली. एकोणीस कागद निघाले. खापरखेड्याच्या लॅबमध्ये तुम्ही दोघं कोळशाचे रिपोर्ट भरायचे, तशाच रकाने आखलेल्या ओळी. पेटली कशी, ओढ कशी, राख किती टिकली, चव तीन हिश्श्यांत, गुण दहापैकी. पुढे मस्कतच्या नोकरीतून सुट्टीवर आलात की तुम्ही दोन सिगार आणायचात आणि दोघं गच्चीवर बसायचात. मी खालून ओरडायची, धूर घरात येऊन राहिला म्हणून.

मागच्या रविवारी सकाळी मी गच्चीवर जाऊन ती सिगार पेटवली.

हो, मी. ह्यांनी ओढलीच नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि आता ह्यांच्या अक्षरात खोटा कागदही लिहायला बसले होते. पण चव माहीत नसताना काय लिहू? म्हणून पेटवली.

टोक कापायचं, ज्योत लांब धरून कडा गोल फिरवत तापवायची, एवढं पाहून ठाऊक होतं. चार काड्या गेल्या. पहिला धूर छातीत उतरला आणि मी इतकी खोकले, की शेजारच्या सत्यवतीबाई त्यांच्या गच्चीवर आल्या.

"काय करून राहिली वं वच्छला?"

"ह्यांचं एक काम राहिलं होतं," मी म्हटलं. त्या खाली निघून गेल्या.

मग धूर तोंडातच ठेवायला जमलं. पहिला हिस्सा तिखट, सावजी रश्शातल्या काळ्या मिऱ्यासारखा, जिभेपेक्षा नाकात जास्त. मधल्या हिश्श्यात तिखटपणा बसला, गरम फुटाण्यांचा वास यायला लागला आणि मागून जरासं गोड. राख बोटाच्या दोन पेरांएवढी झाली तरी पडली नाही. पांढुरकी, घट्ट. इथे हे खूश झाले असते. वर्षातून एकदा तासभर हा माणूस वर काय करतो, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

तिथपर्यंत लिहून झालं होतं. अक्षरही जमलं होतं. मग शेवटच्या हिश्श्यासाठी ह्यांचा एक जुना कागद पाहिला. त्यात लिहिलंय, "इथून धूर गरम आणि कडू. थांबायचं की पुढे ओढायची, हे ओढणाऱ्यानं ठरवायचं."

माझा हात थांबला.

भाऊजी, दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता त्यांना जे हवं ते द्या. मी घरी येऊन कोणाजवळ बोलले नाही. पोटच्या लेकीजवळ, नूपुरजवळही नाही. पाडव्याच्या सकाळी ह्यांनी उशीला टेकून सिगारचा डबा मागितला.

"आण ना वं. दोन झुरके घेतो. मार्तंडले फोन लाव, कशी हाय ते सांगतो त्याले."

"आधी बरे व्हा. मंग ओढजा."

"काहून? डाक्टर नाही म्हणला?"

"हो. नाही म्हणला."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर हे अकरा दिवस होते, पुन्हा मागितली नाही.

दिली असती, तर डॉक्टरांचं खरं मानल्यासारखं झालं असतं. डब्यातला स्पंज मात्र मी दर आठवड्याला ओला करत होते, सिगार वाळू नये म्हणून. पाडव्याच्याच आठवड्यात तुमचा फोन आला, येऊ का विचारायला. मी म्हटलं, बरे आहेत, थंडीत या. तुम्ही माझं ऐकलंत. तेरवीला दारात उभे राहून एवढंच म्हणालात, "एक फोन तरी करायचा होता, वहिनी."

खोटा कागद मी फाडला. सोबतचा माझ्या अक्षरात आहे. सिगार शेवटपर्यंत ओढली, बोटांना चटका बसेपर्यंत. फार कडू होती. चुरडली नाही, आपोआप विझू दिली. गुणांची जागा कोरी ठेवली आहे. ते मला येत नाही.

काल नूपुरला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. आज सकाळी माझा चहा ठेवून परत खोलीत गेली. तुम्हीही वेळ घ्या. उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

डॉक्टर नाही म्हणाले, एवढंच मनात घेऊन हे गेले. नाही म्हणणारी मी होते, हे तुम्हाला तरी माहीत असावं.

तुमच्या मित्राची बायको,
वच्छला