तीन 'त' असलेलं वाक्य

३ फेब्रुवारी

होकार आला! खगोलप्रेमींच्या संमेलनात दहा मिनिटं बोलायचं. विषय आमचा रूपविकारी तारा — तेज सतत कमी-जास्त होणारा. यंदा तो अंदाजापेक्षा बराच आधी मंदावला, आणि ते आम्ही बहीण-भावाने पकडलं.

दादा म्हणाला, "छान. मी वाचतो." तो शाळेत शिकवतो, बोलणं त्याच्या हातचा मळ. मी क्ष-किरण विभागात. "श्वास रोखा", "सोडा" — एवढ्यावर माझा दिवस निघतो. 'त'शी माझं लहानपणापासून वाकडं. तो आला की जीभ अडलीच. आणि वेड कशाचं लागावं, तर ताऱ्यांचं!

पण बोलणार मीच. ठरलं.

५ फेब्रुवारी

दादाशी अबोला. वहिनी इकडचे निरोप तिकडे करून वैतागलीय.

८ फेब्रुवारी

दादा नमला, पण सुखासुखी नाही. "'तारा' अडतो ना? मग 'चांदणी' म्हण." आलेखावर चांदणी! लोकांना वाटेल, ही बाई अंगाई गायला आलीय.

मग माझ्या कागदावर लाल पेन चालवलं आणि एक वाक्य उडवलं — 'आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे हाच तारा पाहिला.' म्हणे, "तीन 'त' आहेत. कशाला जिवाला घोर?"

अरे, सगळं त्या वाक्यावरच तर उभं आहे! आधी मी दुर्बिणीला डोळा लावायचा, मग त्याने. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तेजाचा आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना न दाखवता डब्यात टाकायचा. दोघांचे आकडे जुळले म्हणून बोलावलंय आम्हाला. वाक्य परत लिहिलं. चांगलं ठळक अक्षरात.

११ फेब्रुवारी

आज एका पेशंटला मुद्दाम "तिरके व्हा" म्हटलं. एरवी "कलते व्हा" म्हणून पळ काढते. बराच वेळ लागला. बिचारा तोवर निमूट पडून राहिला. जगबुडी काही झाली नाही!

१६ फेब्रुवारी

झालं! काय माणसं जमतात इथे! एका दंतवैद्याने ड्रेनेजच्या पाइपातून दुर्बीण केलीय, ती लेकरासारखी कडेवर घेऊन हिंडतोय. एक आजी चंद्रावरच्या खड्ड्यांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात — "हा फार खोल हं, याचा थांग लागत नाही."

माझी पाळी आली. 'तारा' दोनदा अडला, दोनदा काढला. मग ते वाक्य. "आम्ही दोघांनी स्व—" आणि गाडी रुतली ती रुतलीच. पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच "स्वतंत्रपणे" म्हणालं. मदतच करत होते बिचारे. मी हात वर केला — थांबा. सगळे थांबले. आणि म्हटलं मी, तिन्ही 'त'सकट! टाळ्या पडल्या!

चहाला अध्यक्षबाई स्वतः आल्या. "एकाचीच नोंद असती तर आम्ही बाजूला ठेवली असती. दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं, म्हणून याला वजन आहे. आपण छापू या." दंतवैद्याने तर गच्चीवर यायचं आमंत्रणच दिलं. इतकं बोलले की घसा बसला. आयुष्यात पहिल्यांदा!

दादा चहाला नव्हता. डोकं दुखतंय म्हणून खोलीवर गेला. एकदा येऊन शाबास म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

१७ फेब्रुवारी, सकाळ

दादा नाश्त्याला बसला आणि खाली बघत म्हणाला, "वर्षभर मला तो तारा दिसत नाहीये गं. मोतीबिंदू. डब्यातून तुझी चिठ्ठी काढून बघायचो, मग माझी लिहायचो."

म्हणून ते वाक्य नको होतं त्याला. 'त'चं नुसतं निमित्त! इतकी चिडलेय मी! आणि वर्षभर तो दुर्बिणीला डोळा लावून नुसता उभा राहायचा, हे मनात आलं की रडू येतंय.

समारोपाआधी पाच मिनिटं मागून घेतलीत. दादा म्हणाला, "मी सांगतो त्यांना. तू नको."

नाही. काल ते माझ्या तोंडून गेलंय. परतही मीच घेणार.