हुकलेली तारीख

माय, त्या सकाळी तू अंगण सारवत होतीस, मी गोठ्यातलं शेण टोपल्यात भरत होते आणि पाळण्यात माझा धाकटा भाऊ कण्हत होता. आदल्या दिवशी त्याला घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातावरची त्रिगुणी लस दिली होती. मांडी टणक, अंग तापलेलं. "ताप आणते थे कायची दवा?" तू म्हणालीस. पुढच्या वेळी सुई द्यायला उपकेंद्रातली सिस्टर दाराशी आली, तर तू त्याला घेऊन तुरीच्या वावरात लपलीस. नंतर तिनं गाठलंच तेव्हा किती ऐटीत बोललीस, "तारीख हुकली बाई, आता देऊन काय उपेग?" ती म्हणाली, "काकू, उशिरा चालते, आणा त्याले." तू पदर झटकून आत गेलीस. पुढे डांग्या खोकल्यानं तो निळा पडत गेला आणि तू अंगारा लावत बसलीस. तो गेला. तुझ्या त्या ऐटीची मला अजून किळस येते.

तुझे जावई गेल्यापासून मी हाती पडेल ते वाचते. आता माझ्या नातवाची पाळी आहे. पहिल्या सुईनं त्याला ताप आला आणि सुनेची आई, रिसोडची विहीण, तुझ्याच सुरात बोलली, "आमच्याइकडे बिनदुखीची देतेत. सरकारी सुई कोण घेते आता?" सरकारी लशीत मारलेला अख्खा जंतू असतो, म्हणून ताप येतो. बिनदुखीच्या लशीत त्याचे निवडक तुकडे असतात. ताप कमी, पण खोकल्यापुरता तिचा जोर लवकर ओसरतो. दोन्ही दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, मग दीड वर्षाला आणि पाचव्या वर्षी पुन्हा. कोणतीही द्या, पण द्या! बिनदुखीची द्यायला त्याला रिसोडला न्यायचा विहीणबाईंचा मुहूर्त निघेना आणि दुसऱ्या डोसची तारीख टळली. परवा सून म्हणते, "आता पह्यल्यापासून घ्या लागन आई. राहू द्या." शिकलेली आहे, दिवसभर मोबाईलवर बोटं फिरवते, अक्कल मात्र तुझी. मी म्हटलं, "जिथं थांबली तिथून पुढं घेतेत. अन् थांबवली कोणं? तुह्या मायनं!" ती फुगून बसली.

तू तर कधीच गेलीस, हे पत्र तुला कुठे धाडणार? डब्याखाली ठेवीन. एक मात्र सांगते. नातवाची मांडी सुजली त्या दिवशी मलाही वाटलं होतं, बस झालं, आता नको. तेवढ्यापुरती मी तुझीच लेक.

सुनेशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला कुशीत घेऊन उपकेंद्रात गेले. सून मागून आली. दुसरा डोस दिला.