अर्जावर न लिहिलेलं दौंड

शिरूर,
दि. १० जून २०२५

ती. नागसेनमामा यांस,
सप्रेम जयभीम.

काल तुमचे सात फोन येऊन गेले. मी मुद्दामच उचलले नाहीत, रागावू नका. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहायला बसले. आईचा गुडघा बरा आहे. मामींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांत फस्त झाली. उकाडा फार आहे. दुसरं काय...

हमीदा मॅडमच्या टॅक्स ऑफिसातली परीक्षा तुम्हाला सांगितलीच होती. त्यांनी एका दुकानाच्या बिलांचा गठ्ठा पुढ्यात टाकला, "यात चुका हायत, हुडकून काढा." बाकीच्या दोघी पहिल्या बिलापासून लागल्या. मी शेवटच्यापासून उलटी तपासत आले. मे महिन्यात आपल्या दौंडच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची रजिस्टरं तपासताना तुम्हीच तसं शिकवलं होतंत: "सरळ वाचलं की डोळा फसतो, करुणे. जे असाया पाह्यजे, तेच त्याला दिसतं." तिन्ही चुका मलाच सापडल्या. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून ये, येताना मार्कशीट आण." तुम्ही तर कॉलेजभर पेढे वाटलेत. वीस वर्षं ग्रंथालयात शिपाई असलेला माणूस प्राचार्यांच्या केबिनमध्ये न विचारता शिरला म्हणे!

मामा, एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. अर्ज भरायला गेले तेव्हा माझ्यापुढे पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी होती. तिचा अर्ज वाचून क्लार्कने लगेच तिला खुर्ची दिली. मी उभीच. मनात आलं, दौंड वाचून माझा अर्ज कोण पुढे सरकवणार? आणि तिचं बघून मीही तेच कॉलेज लिहिलं.

वाटलं होतं, एकदा काम बघितल्यावर कॉलेजचं नाव कोण बघतंय! काल मॅडमनी मार्कशीट आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "अगं, मी सोता बाहेरून बी.कॉम. केलंय. दौंड लिहिलं असतंस तरी घेतलंच असतं तुला. पन लोक आपले कागद माझ्या भरवशावर ठिवून जात्यात. तुझ्या हातात कसे देऊ सांग?" मी मार्कशीट उचलून निघाले. स्टँडवर येऊन बसले, डोळ्यांदेखत तीन एस.ट्या गेल्या.

घेतलंच असतं म्हणतात. पण अकरा अर्जांतून परीक्षेला आम्हा तिघींनाच बोलावलं होतं. त्या तिघींत मी त्या नावामुळे आले की मार्कांमुळे? हा किडा डोक्यातून जात नाही, आणि आता कुणाला विचारायचीही सोय उरली नाही.

आज रांजणगावच्या एका कंपनीचा अर्ज भरला. कॉलेजच्या रकान्यात दौंड लिहिलं. भीती काही गेलेली नाही. प्राचार्यांना तुम्ही काही सांगू नका. मी शनिवारी येऊन स्वतः सांगते.

नोकरी गेली याचं वाईट वाटतंच. पण त्या दिवशी क्लार्कच्या टेबलापुढे उभी असताना मला दौंडची, म्हणजे तुमचीच लाज वाटली, मामा. एवढंच लिहायचं होतं. बाकी सगळं इकडचं तिकडचं.

अजून म्हणवून घेत असाल तर तुमची भाची,
करुणा
बी.कॉम., दौंड