डाव्या डिस्कवरचा ठसा

२० जानेवारी, सोमवार

ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग परत हातात थरथरलं. ऐंशीच्या वेगाला जास्त, चाळीसला कमी. पाय काढला की शांत. चर्चपासून पुलापर्यंत सात वेळा तेच केलं. शेजारी पथकातला माझा जोडीदार कोल्बेइन, थर्मासचं झाकण दोन्ही हातांनी धरून.

"कॉफी सांडतेय, एवढं निदान मलाही करता येतं," म्हणाला.

सीट थरथरत नाही, फक्त स्टिअरिंग. म्हणजे पुढची चाकं.

गेल्या बुधवारच्या हिमवादळापर्यंत ही जीप निमूट थांबायची. शोधपथकात दुसरा मेकॅनिक नाही, आणि बुधवारी चालवत होते तीही मीच. तक्रार कुणाकडे करणार?

२१ जानेवारी

रिमच्या आत बर्फाची ढेकळं होती. काढली. सरळ चालताना गाडी शांत झाली, पण ब्रेकची थरथर आहे तशीच.

मग टायर. मऊ बर्फावर चालायला बुधवारी हवा जवळजवळ सगळी काढली होती. अशा वेळी टायर रिमवर सरकतो. टायर आणि रिमवर मिळून ओढलेली खडूची खूण तपासली. जागेवर आहे.

आस्ब्योर्नचा फोन. पथकाचा प्रमुख, त्याला शनिवारपर्यंत अहवाल हवा. मजकूर त्याने लिहिलाय, सही माझी. 'चार वाजून दहा मिनिटांनी नदीवरच्या उतारावर पोचलो. दोन मिनिटं थांबलो. काही दिसलं नाही. परत फिरलो.'

बुधवारी घोड्यांना चारा टाकायला गेलेला केटिल गुरुवारी सकाळी त्याच उताराच्या पायथ्याशी सापडला. मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून बसलेला. आम्ही थांबलो होतो तिथून दोनशे मीटर.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सहापर्यंत तरी जिवंत असावा.

२२ जानेवारी

चाकांचे नट. कोल्बेइन हवेवर चालणाऱ्या पान्याने आवळतो, एक घट्ट, एक ढिला. सगळे सोडून हाताने, समोरासमोरचे, पुन्हा आवळले. फरक नाही.

पुढच्या ब्रेकच्या डिस्क काढल्या. डिस्क बसते त्या हबवर गंज होता, वायर ब्रशने घासला. डिस्क परत बसवून वाकडेपणा मोजायची डायल लावून फिरवली. काटा हललाच नाही. म्हणजे वाकडी नाही.

दुकानात ग्रीमुर दिसला. केटिलचा शेजारी. बुधवारी कुंपण धरून पायी शोधायला निघाला होता आणि अर्ध्यातून परतला. ते कुंपण मेंढवाड्याच्या भिंतीशीच संपतं. कोणीतरी त्याला म्हणालं, "काय ग्रीमुर, पाय गरम झाले का?" बाकीचे हसले. त्याने दूध घेतलं आणि गेला.

मी हसले नाही. पैसे दिले आणि निघाले.

२३ जानेवारी

ह्रेफ्ना आली होती. केटिलची बायको. गॅरेजच्या दारातच उभी राहिली, बुटांचा बर्फसुद्धा झटकला नाही.

"आत ये गं," म्हटलं.

"नको. एवढंच विचारायचंय. तुमचे दिवे मला वादळातही खिडकीतून अंधुक दिसत होते. तिथे किती वेळ थांबला होतात?"

मी पाना नटाला लावला. कोल्बेइन म्हणाला, "दोन मिनिटं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं."

"दोन," ती म्हणाली. मग जीपकडे बघितलं. "हिला काय झालंय?"

"ब्रेक दाबला की थरथरते."

"अस्सं." गेली.



२४ जानेवारी, शुक्रवार

सापडलं.

मायक्रोमीटरने डिस्कची जाडी बारा ठिकाणी मोजली. एका पट्ट्यात किंचित जास्त. डाव्या डिस्कवर ठळक, उजवीवर फिकट, पण पट्टा त्याच आकाराचा. दिवा आडवा धरला. ब्रेक पॅडचा अख्खा आकार डिस्कवर उमटलाय, काळपट निळा, कडांसकट. ओल्या फरशीवर पाय उठावा तसा.

हे कसं होतं ते ठाऊक आहे. शाळेत मास्तर फळ्यावर काढून दाखवायचे. ब्रेक तापलेले असताना पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा माल डिस्कला चिकटतो. म्हणून उभं राहायचंच असेल तर गाडी वीतभर पुढेमागे करत राहा.

बुधवारी माळावरून खाली येताना समोर नुसतं पांढरं. गिअरवर सोडायला धीर झाला नाही, सगळा उतार ब्रेकवर उतरले. मग थांबले. हँडब्रेक ओढला नाही. थंडीत इथे कोणी ओढत नाही, गोठला तर गाडी तिथेच. पाय दाबून बसले. गाडी वीतभरही हलवली नाही, कारण पुढे नदी होती आणि मला काठ दिसत नव्हता.

वाऱ्यात हाक ऐकू येते का ते ऐकतेय, असं मनाशी म्हणत होते. काच मात्र उघडली नव्हती.

दोन मिनिटांत असा ठसा उठत नाही.

कोल्बेइनला दाखवला.

"डिस्क म्हणजे काय घड्याळ आहे?"

"तूच सांग मग. किती वेळ होतो?"

त्याने बोटं पुसली. "मी डोळे मिटून होतो. परत फिरताना तू वायरलेसवर म्हणालीस, दोन मिनिटं थांबलो. मग मीही तेच म्हणत आलो."

म्हणजे ते दोन माझेच. कुठून आणले, आठवत नाही.

संध्याकाळी आस्ब्योर्न येऊन गेला. ठसा बघितला. त्याला सगळं कळलं असावं. "पॉलिश पेपरने घासून टाक. दहा मिनिटांचं काम. उद्या गाडी लागेल."

"आणि अहवाल?"

"तू खाली उतरली असतीस तर तीन माणसं पुरावी लागली असती, बाई. सही कर आणि झोप."

तो गेल्यावर उजवी डिस्क घासली. खरंच दहा मिनिटं लागली. डावीला पेपर लावला, आणि उचलला.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी नऊला, हिवाळ्यात इथे तेव्हाही अंधारच असतो, डावी डिस्क पोत्यात गुंडाळून ह्रेफ्नाकडे नेली. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ठसा दाखवला. म्हटलं, दोन मिनिटं नव्हती. किती, ते मला माहीत नाही.

तिने ठशावरून बोट फिरवलं. "तेवीस," म्हणाली. "मी खिडकीत होते. तुमचे दिवे एका जागी, हलेनात. मला वाटलं, सापडला, गाडीत घेतायत. त्याच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली. आणि ग्रीमुरला फोन केला. म्हटलं, सापडला, तू ये परत."

बाहेर घोडे दाराशी आले होते.

"परवा तुम्ही दोन म्हणालात, तेव्हा वाटलं मला वेड लागलंय. दोन मिनिटांच्या उजेडावर मी ग्रीमुरला परत बोलावलं?" मग म्हणाली, "त्याने कुणाला सांगितलं नाही. एवढं बोलतात त्याला, तरी."

अहवाल खिशात होता. दोन खोडून तेवीस लिहिलं. खाली ग्रीमुर का परतला तेही लिही, असं तीच म्हणाली. पेन तिने दिलं. लिहिलं, सही केली, आणि आम्ही दोघी चालत ग्रीमुरच्या घरी गेलो.