डासाच्या नावावर

चिमणे,

आज नदीवर माझ्या गळाने जावईबापूंची पापणी धरली. घाबरू नकोस, डोळा शाबूत आहे.

पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर खोटी माशी बांधण्याआधी मी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. मासा सोडून देताना त्याचं तोंड फाटू नये म्हणून. जावईबापू हसायचे, "बाबा, माशांचे किती लाड करता." आज तोच गळ पापणीतून अलगद मागे आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला धक्का नाही," तेव्हा कुठे मी तो गळ परत डबीत ठेवला.

तुला सांगून मिरवणार होतो, पण बाहेर येताच जावईबापूंनी हात धरला. "तिला कळलं तर माझं नदीवर येणं बंद." म्हणून हे पत्र टाकणार नाही. डास चावला, असं ते सांगतील आणि माझ्या इतक्या सुबक माशीचं श्रेय डासाला जाताना मी मुकाट बघत बसेन.

तुझा, आज सुटलेला,
बाबा