साडेतीन कालवडी

लातूर

प्रिय रेणुकादासराव,

साष्टांग नमस्कार घालावा तर गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानंच नमस्कार. तुमची शुगर कशी आहे? आलोक पथ्य पाळायला लावतो का? माझी तब्येत ठीक (म्हणजे डॉक्टर सोडून कुणाची तक्रार नाही).

चार वर्षांनी लिहून राहिलो, कारण तसंच घडलं. देवणीच्या गोपालक मंडळाचा कॉम्प्युटर वीज पडून जळाला. आपण दोघा रिटायर मास्तरांनी गाई-वळूंच्या वंशावळीचा प्रोग्रॅम लिहिला होता, तो ज्याच्यावर चालायचा तोच. नव्या मशीनवर पायथॉन भाषेची नवी आवृत्ती, तीन; आपला प्रोग्रॅम जुन्या दोनमधला, म्हणून चालेना. तुम्ही तेव्हाच सांगत होतात, "शेषेराव, दोन बंद होऊन राहिलं, आत्ताच बदलून घेऊ." आणि मी भर बैठकीत म्हणालो, "चालत्या बैलाला पराणी कशाला? ह्यांना नवीन दिसलं की जुनं नकोसं होतं." लोक हसले. तुम्ही चष्मा खिशात घालून उठलात, अन् महिन्याभरात नांदेडला आलोककडं, लेकाच्या घरी, राहायला गेलात.

तर पेनड्राइव्हवरची जुनी प्रत काढून बसलो बदलायला. तीनमध्ये छापायच्या प्रत्येक ओळीला कंस लागतो. (मथुरेचा परवडला, एकच होता, इथं चारशे बारा निघाले.) अकरा दिवस नुसते कंस घालून राहिलो. सूनबाई शिल्पा म्हणाली, "मामा, जेवणाचं ताट पण कंसात ठेवू का?"

अखेर प्रोग्रॅम चालला. बैठकीत दानम्माच्या गोठ्याचा कागद छापला. पुढच्या वर्षी सात वासरं व्हायची, त्यात निम्म्या कालवडी धरायच्या. जुनी भाषा साताचे निम्मे तीन म्हणायची आणि उरलेलं गुपचूप गिळायची. नवी खरं बोलते. कागदावर आल्या साडेतीन कालवडी! दानम्मा उठल्या, "मास्तर, अर्धी कालवड पुढची का मागची? मागची आसंल तर फुडं दूध तरी मिळंल." सगळे हसले. मीही हसलो, आणि सवयीनं डावीकडं तुमच्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं आता प्रिंटर ठेवलाय.

ती ओळ दुरुस्त केली. सगळं नीट चालतंय. तुमचं बरोबर होतं, एवढंच कळवायचं होतं.

आपला,
शेषेराव

ता. क. एवढंच नव्हतं. काल त्याच पेनड्राइव्हमध्ये 'तीन' नावाचा फोल्डर सापडला. तुम्ही सगळं आधीच बदलून ठेवलेलं, निम्म्याच्या ओळीसकट. तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची. चार वर्षांत मी एकदाही उघडून पाहिलं नाही.

आणखी एक. गोदावरी वहिनी गेल्याचं कळलं त्याच दिवशी नांदेडच्या बसमध्ये बसलो होतो. प्रोग्रॅम लिहिताना दोन वर्षं रोज दुपारी तुमच्या घरी त्यांनी आपल्या दोघांपुढं गरम भाकरी ठेवली, आणि मी कोणत्या तोंडानं येणार होतो? नांदेडच्या अलीकडंच, लोह्याला उतरलो. स्टँडवर तीन चहा प्यालो आणि उलट्या बसनं परत आलो. आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी यावं म्हणतो. उत्तर आलं नाही तर 'या' असं समजेन. 'येऊ नका' म्हणायचं असेल तर पत्रानंच म्हणा. फोनवर तुमचा आवाज ऐकला तर मला रडू येईल, आणि शिल्पा घरातच असते.