तीनच टिचक्या

५ मार्च
पुण्याहून बंगळुरूला येऊन आठवडा झाला नाही तोच मारतहळ्ळीत खोली मिळाली, आणि वर गच्चीवर अठरा इंची दुर्बीण! घरमालक गिरीराजअण्णांच्या थोरल्या बहिणीने, मथुराअक्कांनी, आरसा स्वतः घासून ती बनवली होती. अक्का गेल्या आणि हस्त नक्षत्रातल्या लांब शेपटीच्या दीर्घिकेचं त्यांचं चित्र अर्धंच राहिलं. ते मी पूर्ण करावं, असं अण्णांना वाटतं. मी एका पायावर तयार. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे, पण उजवा दोघांचं काम करतो.

९ मार्च
चार रात्री ढग. आज आभाळ मोकळं, तर शेजारच्या गच्चीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोकस! डोक्यावर काळं कापड घेऊन तासभर बसले. दिसला फक्त पुसट डाग. पुसट वस्तू हलली की डोळ्याला चटकन जाणवते, म्हणून दुर्बिणीच्या नळीवर हलकी टिचकी मारायची पद्धत आहे. अक्कांच्या वहीत मात्र दर पानाच्या माथ्यावर लिहिलंय, तीनच टिचक्या. का, ते अण्णांनाही ठाऊक नाही. अक्का सांगायची तेवढंच करा, स्वल्प, म्हणजे जरा जपून, म्हणाले.

१४ मार्च
पुन्हा तोच मेला डाग. शेपटीचा पत्ता नाही. तीन टिचक्या मारल्या, मग वैतागून फटाफट वीसेक. आणि दिसली! लख्ख, टोकाशी वळलेली.

१५ मार्च
शेपटी कालच्यापेक्षा लांब. कोट्यवधी वर्षांत हलणारी वस्तू एका रात्रीत कशी वाढेल? माझंच चित्र चुकलं. खोडून पुन्हा काढलं. चिडचिड नुसती.

१७ मार्च
संध्याकाळी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. दुर्बिणीला झाकण होतं. तरी नळीच्या आतून — तीन टिचक्या. मोजून.
अण्णांना सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, शेवटचे सहा महिने अक्का उजव्या डोळ्यावर तळहात दाबून बसायची. मोतीबिंदू वाटला म्हणे! हे आधी सांगायला काय झालं होतं?

१८ मार्च
दुर्बीण ताडपत्रीत बांधली. दुपारी ऑफिसात, पांढऱ्या स्क्रीनवर — शेपटी. नजर फिरवली तिकडे तीही फिरली. डॉक्टर म्हणतात, डोळा ठणठणीत आहे. भीती वाटते.

२० मार्च
अर्धा डोळा शेपटीनेच भरलाय. डाव्याने अक्षरंही लागत नाहीत. उजवा गेला तर मी —

२१ मार्च
ओळ दिसत नाही. अंदाजाने लिहितेय. डोळ्यावर तळहात घट्ट. तरी पापणीवर — बाहेरून नाही, आतून — एक. दोन. तीन.
थांबलं.
नाही — चार. पाच. माझ्यासारखंच, नीट दिसत नाही म्हणून वैतागून —